लतीफमामूची भिंत

लतीफमामू पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका पुढाऱ्याला गोरं करत होते.

दुकान माझं नव्हे, मी तिथं डिझाइनचं काम करते. पेणमधलं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, साखरपुडे, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून बाहेर पडतं. मामू म्हणजे माझ्या अम्मीचा भाऊ. टेम्पो बाहेर लावून आत आला, स्टूल ओढून बसला आणि माझ्या खांद्यावरून कॉम्प्युटरकडे बघत राहिला.

"हा एवढा गोरा नाय," तो म्हणाला. "मी ह्याला वडखळला जवळून बघितलाय."

"त्यांना असंच लागतं, मामू."

"म्हणजे पायजे तसा चेहरा तू करून देतेस."

"हो."

"आणि हाय तसा? तो येतो काढता?"

मी हसले. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात चार वर्षं मी तेच तर शिकले होते. दुकानात त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून संध्याकाळी घरी बसून मी छोट्या चित्रकथा काढायचे, एसटीतली भांडणं, बाजारातल्या बायका, असलं काहीतरी, आणि मोबाइलवर टाकायचे. अम्मीनं त्या मामूला दाखवल्या असणार.

"मग मला एक गोष्ट काढून पायजे," मामू म्हणाला. "सलीमची."

सलीम हा मामूचा धाकटा भाऊ. मी जन्मायच्या आधी, कुवेतवर इराकनं कब्जा केला त्या धांदलीत, परतीच्या वाटेवर तो गेला. आमच्या घरात त्याचं नाव नानीशिवाय कुणी घेत नसे, आणि नानीला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. चाळिसावा नुकताच उरकला होता.

"आता का?" मी विचारलं.

"आता माय नाय," मामू म्हणाला आणि उठला. टेम्पोत टाइल्स होत्या, त्या रोह्याला पोचवायच्या होत्या.

मामू स्वतः जाऊनही आता दोन पावसाळे झाले. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की लोक पहिल्यांदा त्याच्या गाडी चालवण्याबद्दल बोलतात. गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांतून मूर्ती निघायला लागल्या की मामूचा टेम्पो महिनाभर बुक असायचा. पेंढ्यात बसवलेले गणपती घेऊन तो हायवेवरून इतक्या सावकाश जायचा की मागचे ट्रकवाले शिव्या घालायचे. पण त्याच्या गाडीतल्या मूर्तीचं बोटसुद्धा कधी दुखावलं नाही. कारखानेवाले म्हणायचे, लतीफभाई असेल तर झोप लागते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मामूच्या गाडीतून कुणी खाली उतरलं, चहाला, लघवीला, नारळ घ्यायला, की मामू इंजिन बंद करून चावी खिशात घालायचा. माणूस परत येऊन बसेपर्यंत चावी बाहेर निघायची नाही. एकदा कोलाडला अम्मी कुणा ओळखीच्या बाईशी बोलत बसली. अर्धा तास झाला, मागं गाड्या अडकल्या, हवालदार आला. मामू म्हणाला, "बहीण उतरलीय. ती आल्याशिवाय गाडी हलनार नाय. पावती फाडायची तर फाडा."

आणि तिसरी गोष्ट, जी लोक हसत हसत सांगतात, ती हॉर्नची. खांब गावात एक गॅरेजवाला होता. त्यानं कधीतरी मामूच्या गाडीत जुना पार्ट नवा म्हणून बसवला होता. मामू भांडला नाही, एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून गॅरेजसमोरून जाताना तो एक लांब हॉर्न द्यायचा. जाताना एक, येताना एक. वर्षानुवर्षं. पुढं हायवे रुंद झाला आणि ते गॅरेज आतल्या रस्त्याला गेलं, तर मामू हायवे सोडून आतल्या रस्त्यानं जायला लागला. मी शेजारी बसलेली असताना एकदा म्हटलं, "मामू, तो माणूस आता विसरला असेल."

"म्हणून तर वाजवायचा," मामू म्हणाला.

राग त्याच्यात असा होता. आवाज नाही, शिवी नाही, हातपाय आपटणं नाही. थंड भांड्यात ठेवल्यासारखा तो टिकायचा.

तर चित्रकथा. दर रविवारी मी पेणहून रोह्याला जायचे, नदी ओलांडून अष्टमीत मामूच्या घरी. पडवीत चटई टाकून आम्ही बसायचो. तो सांगायचा, मी पेन्सिलनं चौकटी आखायचे.

"पण पुस्तक का नको? मी लिहून घेते," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"पुस्तक कोण वाचणार? मी पन नाय वाचनार. चित्र म्हणजे बघितलं की झालं. तोंड फिरवेपर्यंत कळलेलं असतं."

गोष्ट अशी होती. मामू कुवेतला एका बेकरीची गाडी चालवायचा. त्याच्या खोलीत दोघं जण होते. एक सलीम, जो काही महिन्यांपूर्वीच आला होता आणि एका लाँड्रीत इस्त्री करायचा, वीस वर्षांचा. दुसरा यासीन, अष्टमीचाच, मामूच्या दोन घरं पलीकडचा, लहानपणापासूनचा दोस्त. यासीन टाइल्सच्या गोदामावर ड्रायव्हर होता. सैन्य आलं, दुकानं लुटली गेली, मालक पळाले. यासीनकडे गोदामाचा पिकअप राहिला. तिघांनी ठरवलं की बसऱ्यावरून बगदाद आणि तिथून जॉर्डनच्या सीमेपर्यंत जायचं. तिकडून मुंबईला विमानं सुटतात असं लोक सांगत होते. मागच्या हौद्यात त्यांनी केरळचं एक कुटुंब घेतलं, नवरा-बायको आणि दोन लहान पोरं.

वाटेतच सलीमला ताप भरला. जुलाब लागले. बगदादच्या पुढं वाळवंटात गाड्यांची रांग लागली होती, मैलोन्‌मैल. रांगेत कुणीतरी बोललं की पुढच्या चौकीवर आजारी माणूस दिसला तर पूर्ण गाडी मागं पाठवतात. खरं होतं की अफवा, कुणालाच माहीत नव्हतं. पाणी संपलं होतं. मामू कॅन घेऊन खाली उतरला. पाण्याची एक टाकी लांबवर उभी होती आणि तिच्याभोवती माणसं मुंग्यांसारखी लागली होती. मामू यासीनला म्हणाला, "मी येईपर्यंत हलू नको."

परत आला तेव्हा पिकअपच्या जागी दुसरी गाडी उभी होती. सलीम रस्त्याच्या कडेला खोक्याच्या पुठ्ठ्यावर पडला होता, उशाला त्याचीच पिशवी.

हे सांगताना मामू उठला आणि पडवीत जमिनीवर आडवा झाला. "असा. उजव्या कुशीवर. हा हात असा खाली दबलेला. बघून घे." मामी चहाचा ट्रे घेऊन दारात आली, नवऱ्याला तसं पडलेलं बघून तिनं ट्रे तिथंच उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. नंतर मला म्हणाली, "शमे, मेलेल्याला उकरून काय मिळणार गो ह्याला? तू तरी नाय म्हण." मी नाही म्हटलं नाही.

सलीम दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, मामूच्या मांडीवर. मामू रात्रभर ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होता. कलमा मामूनं ऐकवला. दफन करायला तीन अनोळखी माणसं आली, एक इजिप्तचा, दोघं पाकिस्तानचे, आणि त्यांनी मामूच्या मागं उभं राहून नमाज पढला. मामूनं कबरीवर खूण म्हणून कॅन पालथा ठेवला. मग तो तंबूंच्या छावणीत किती दिवस होता ते त्यालाच आठवत नव्हतं.

चित्रं बघताना मामू कडक असायचा. आभाळ निळं केलं तर म्हणायचा, "निळं नव्हतं, पांढरं होतं, कपडा उकळल्यासारखं." वाळवंटातला सूर्यास्त मी मन लावून काढला होता. तो बघून म्हणाला, "एवढं छान नको. लोक छान बघतात नि पुढं जातात." स्वतःचा चेहरा त्यानं एकाही चौकटीत काढू दिला नाही. "मला पाठमोरा काढ." पाण्याच्या रांगेत, गाडीजवळ, कबरीपाशी, सगळीकडे मामूची पाठ. मी एकदा कारण विचारलं. त्यानं पुढचं पान ओढून घेतलं.

यासीनचा चेहरा मात्र त्याला तंतोतंत हवा होता. "भुवया मध्ये जुळतात. खालचा ओठ जाड. हसला की आधी डावा गाल हलतो. घास चावताना कपाळावर ही शीर येते."

"एवढं बारीक कसं आठवतं तुला?"

"दर ईदला बघत होतो ना."

ते असं. यासीन मामूच्या कितीतरी आधी गावी पोचला. रोह्याच्या स्टँडवर नानी रोज जाऊन बसायची. तिनं त्याचा हात धरला आणि विचारलं, माझी पोरं कुठं. यासीननं सांगितलं की लतीफ पाण्याला गेला आणि गर्दीत चुकामूक झाली. सलीमला मी मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, कलमा ऐकवला, माझ्या हातानं माती दिली.

मामू घरी पोचला तेव्हा सलीमच्या नावानं फातिहाची दुवा होऊन गेली होती. नानीनं त्याला छातीशी धरलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तू नव्हतास रे, पण यासीन होता. अल्लानं माझ्या पोराला परक्याच्या हाती नाय ठेवला."

मामू गप्प बसला. तिथं, त्या क्षणी, सलीमचा जीव आपल्याच मांडीवर गेला म्हणून सांगितलं असतं तर पुढं सगळंच सांगावं लागलं असतं. मग नानीला तिचा लेक तापानं फणफणलेला रस्त्याच्या कडेला दिसला असता, जन्मभर. तिच्याकडे यासीनची मांडी होती, ती मामूनं राहू दिली.

तेव्हापासून नानी यासीनला तिसरा मुलगा मानायची. दुवा मागताना आधी त्याचं नाव. आणि दर ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा त्याच्या घरी. यासीन पुढं पेणला राहायला गेला, वडखळ नाक्यावर टाइल्सचं मोठं शोरूम टाकलं, हज करून आला, लोक हाजीसाहेब म्हणायला लागले. डबा चालूच राहिला आणि तो पोचवायचं काम मामूचं. मामू डबा द्यायचा आणि उभा राहायचा. यासीन म्हणायचा, ठेव ना, खातो नंतर. मामू म्हणायचा, "माय विचारते, खाल्लंन का. माझ्यासमोर खा." मग यासीन वाटी घेऊन बसायचा आणि मामू त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, वाटी रिकामी होईपर्यंत. नानी जाईपर्यंत एकही ईद चुकली नाही.

"तो सोडून गेला त्याचं मी एक वेळ समजतो," मामू मला एकदा म्हणाला. "मागं दोन पोरं बसलेली. घाबरला. माणूस घाबरतो. पण तो गावात आला तेव्हा सलीम मेला का जिवंत हाय हे त्याला माहीत नव्हतं, शमे. माहीत नसताना त्यानं त्याला पुरला. आणि माझी जागा घेतली."

चित्रकथा पुरी झाली तेव्हा मामूचा बेत ठरलेला होता. सगळी पानं फ्लेक्सवर मोठी छापायची आणि वडखळ नाक्यावर यासीनच्या शोरूमसमोर लावायची, जिथं गोव्याला जाणारा आणि अलिबागला जाणारा प्रत्येक माणूस गाडी हळू करतो.

"पण आधी त्याला दाखवायचं," मामू म्हणाला. "मागून नाय करायचं काय. ते त्याचं काम."

एका दुपारी आम्ही दोघं गेलो. यासीन शोरूमच्या मागच्या खोलीत बसला होता. मधुमेहानं त्याचा एक पाय कापलेला, अंग सुटलेलं, पण भुवया जुळलेल्याच. मला बघून म्हणाला, "जमिलाची पोरगी ना?" मुलाला थंड आणायला पाठवलं. मामूनं पानांची चळत टेबलावर ठेवली.

"वाच."

यासीननं चष्मा लावला. पहिल्या पानावर खोलीचं चित्र होतं, तिघं जण एका ताटात जेवताना. तो थोडा हसला. मग हसणं थांबलं. एकेक पान तो सावकाश उलटत गेला. मुलगा थंडच्या बाटल्या घेऊन आला, त्याला हातानंच बाहेर जायला सांगितलं. मी टाइल्सच्या नमुन्यांकडे बघत उभी राहिले.

"गाडी पांढरी नव्हती," यासीन म्हणाला. "फिकट पिवळी होती."

"पुढं बघ," मामू म्हणाला.

यासीन त्या पानावर आला जिथं सलीम पुठ्ठ्यावर पडलाय आणि पिकअप लांब जातोय. त्यावर तो अडकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग चित्रातल्या सलीमच्या तोंडावर बोट ठेवलं.

"हे बरोबर नाय. डोळे मिटलेले नव्हते त्याचे."

मामूनं त्याच्याकडे बघितलं.

"उघडे होते. माझ्याकडे बघत होता. मी आरशातून पन बघितलं. हात वर करायला गेला."

मामूनं पुढं वाकून ते पान आपल्याकडे ओढलं आणि त्याच्याकडे असं बघत राहिला की जणू ते आधी कधी पाहिलंच नव्हतं.

"माझी मुलं, नातवंडं हायत लतीफ," यासीन म्हणाला. "नातीचं लग्न ठरलंय. मी गेल्यावर लाव. मग कुठं पन लाव."

"माझी माय जाईपर्यंत मी थांबलो," मामू म्हणाला. "तुझ्यासाठी नाय थांबनार."

"तुझ्या मायनं हात धरला रे माझा. काय सांगनार होतो मी तिला?"

"हेच," मामू म्हणाला. "जे आता मला सांगितलंस ते."

बाहेर येऊन तो टेम्पोत बसला, चावी लावली, पण फिरवली नाही. समोर नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या. तिकडे बघत म्हणाला, "मला वाटलेलं तो शुद्धीत नव्हता. मी आलो तेव्हा बडबडत होता, कुणाला ओळखत नव्हता. म्हटलं, त्याला कळलं तरी नसेल कोन सोडून गेला." मग स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मी म्हटलं, "मामू, आपण ते पान आहे तसंच ठेवू या." माझी खरंच इच्छा नव्हती ते डोळे काढायची.

"नाय," तो म्हणाला. "उघडे काढ. तो बघतोय असा काढ. हात पन काढ."

मी काढले. त्या एका चौकटीला मला दोन रविवार लागले. मामू शेजारी बसून होता, आणि झाल्यावर त्यानं इतकंच म्हटलं, "हां, हा सलीम." माझ्या आधीच्या कुठल्याच चित्राला तो असं म्हणाला नव्हता.

वडखळचा बेत त्यानं बदलला. "तिथं सलीमला कोन ओळखतो? गाडीवाले बघतील नि जातील. आपल्या आळीत लावू." मामूच्या घराची बाहेरची भिंत मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे. यासीनचं वडिलोपार्जित घर त्याच वाटेवर दोन घरं मागं, आणि पेणला राहायला गेल्यापासूनही तो दर जुम्म्याला नमाजाला अष्टमीत यायचा. सुट्टीच्या दिवशी मीच मशीनवर फ्लेक्स छापले. मामूनं लाकडी पट्ट्या ठोकून ते भिंतीवर लावले, डावीकडून उजवीकडे, वाचायला बरोबर उंचीवर. मग खाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला.

पहिल्या दिवशी पोरं आली. मग दुपारी बायका आल्या, पदर तोंडाशी धरून उभ्या राहून वाचत होत्या. सलीमच्या बरोबरीचे, आता केस पिकलेले लोक आले. कुणी मामूशी काही बोललं नाही, आणि मामूनंही कुणाला काही समजावलं नाही. यासीनच्या चेहऱ्याखाली नाव नव्हतं. लागलंच नाही.

जमातीची दोन वडीलधारी माणसं आली. चांगली माणसं होती, आवाज न चढवता बोलली.

"लतीफ, मशिदीच्या वाटेवर चेहऱ्यांची चित्रं बरी नाय दिसत."

"वाट मशिदीची हाय," मामू म्हणाला. "भिंत माझी हाय."

"हाजीसाहेब म्हातारे झाले आता. माफ करण्यात मोठेपणा असतो."

"ते त्यांनी मागायला पायजे ना. त्यांनी अजून मागितलेली नाय. मागितली तर बघू." मग म्हणाला, "देईन असं नाय म्हटलं मी. बघू म्हटलं."

यासीनचा मुलगाही आला. पस्तिशीचा, सुशिक्षित, बिचारा. हात जोडून म्हणाला, "चाचा, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"काय नको," मामू म्हणाला. "तुझ्या बापाला सांग, जुम्म्याला ये नेहमीसारखा. वाट तीच हाय."

यासीन आला नाही. त्या जुम्म्याला नाही, पुढच्याला नाही. त्याच्या नातीचं लग्न अष्टमीऐवजी पेणला झालं, आमच्या आळीतलं फार कुणी गेलं नाही. मामू दर शुक्रवारी नमाजाच्या आधी तासभर खुर्ची टाकून बसायचा आणि वाटेकडे बघायचा. नमाज झाल्यावर पुन्हा बसायचा. त्याला आनंद होत होता का? मी त्याच्याकडे नीट बघितलंय. आनंद नव्हता. पण पाठ सरळ झाली होती. नानी असताना तो मान खाली घालून चालायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मामीनं हळूहळू त्यावरून बोलणं सोडलं आणि एक दिवस स्वतःच ओलं फडकं घेऊन फ्लेक्सवरची धूळ पुसताना दिसली.

त्याच वर्षी थंडीत यासीन वारला. पेणच्या दवाखान्यात, झोपेत. मय्यत अष्टमीलाच आणायची होती, कारण त्यांचं कब्रस्तान इथलं. वडिलोपार्जित घरून मशिदीकडे न्यायची तर मामूच्या भिंतीवरूनच.

मी त्या दिवशी रोह्याला होते. सकाळीच यासीनचा मुलगा मामूकडे आला. डोळे सुजलेले. हातात ताडपत्री.

"चाचा, तासाभरासाठी झाकू द्या. मय्यत पुढं गेली की मीच काढतो."

मामू पडवीत नमाजाआधीचं वुजू करत होता. पाय धुवून झाले, टॉवेलनं पुसले, मग म्हणाला, "तुझं काय चुकलं नाय, पोरा. तू घरात ये, चहा घे, बस. पन झाकायचं नाय."

मुलगा ताडपत्री घेऊन तसाच परत गेला.

मी आणि मामी वरच्या खिडकीत होतो. जनाजा निघाला. भिंतीपाशी आल्यावर माणसांची चाल मंदावली, कुणी माना खाली घातल्या, कुणी चित्रांकडे बघितलं. सलीम उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि यासीन त्याच्यासमोरून गेला. मामू कोपऱ्यावर उभा होता. पांढरा सदरा, टोपी. जनाजा पुढं गेल्यावर तो मागून निघाला.

मशिदीच्या आवारातलं मला माझ्या भावानं, जुनेदनं, सांगितलं. नमाजाआधी यासीनच्या मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून रिवाजाप्रमाणे विचारलं, माझ्या वडिलांकडून कुणाला काही दुखावलं गेलं असेल, कुणाचं काही राहिलं असेल, तर अल्लाच्या वास्ते माफ करा. लोकांनी माफ केलं म्हटलं. आवाज शांत झाल्यावर मागच्या ओळीतून मामू बोलला. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्याकडून नाय. माझं राहिलंय."

कुणी वळून बघितलं नाही. मौलवींनी नमाज सुरू केला. मामू नमाजात उभा राहिला. नंतर मय्यत उचलायची वेळ आली तेव्हा तो गर्दीतून पुढं गेला आणि पुढच्या दांडीला खांदा लावला. अशा वेळी लोक दहा-वीस पावलांनी खांदा बदलतात, मागचे पुढं येतात. दोघा-तिघांनी मामूला हातानं सुचवलं, दे आता. मामूनं दिला नाही. कब्रस्तानापर्यंत त्यानं यासीनला नेला, ओठ आवळून, घामानं भिजत. कबरीत तीन मुठी माती टाकली. जुनेदनं घरी येताना त्याला विचारलं, "मामू, माफ केलं नाहीस, मग खांदा कशाला दिलास?"

"दोस्त होता माझा," मामू म्हणाला. "दुसऱ्यांनी का न्यावा?"

माझी पेणची एसटी संध्याकाळची होती. पिशवी घेऊन मी खाली आले तेव्हा मामू नुकताच परतला होता. दुपारपासून नदीवरून वारा सुटला होता आणि शेवटच्या फ्लेक्सचा एक कोपरा पट्टीतून सुटून फडफडत होता. मामू आत गेला, हातोडी आणि चुका, बारीक खिळे, घेऊन बाहेर आला. पायाला, नखांत, सदऱ्याच्या बाह्यांना कब्रस्तानाची लाल माती तशीच होती. हात धुतले नव्हते.

मी विचारलं, "मामू, आता उतरवू या का?"

त्याच्या तोंडात चुका होत्या. त्यातली एक काढून हातात घेतली.

"कशाला?" तो म्हणाला. "तो मेला म्हणून सलीम उठून घरी आला का?"

मग फ्लेक्सचा कोपरा त्यानं मातीच्या हातानं ताणून धरला, तळव्याचा ठसा त्या पांढऱ्या आभाळावर उमटला, आणि चूक ठोकायला लागला. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी हातोडीचा आवाज येत होता.